एका मिनिटाचा गाडा

टेबलावर तीन वस्तू होत्या: कॅमेऱ्याचं कार्ड, पेन ड्राइव्ह आणि परशरामचा मोबाईल. मोबाईलवरचं स्टॉपवॉच बहात्तर सेकंदांवर थांबवलेलं होतं. टेबलापलीकडे दोन भाऊ बसले होते आणि त्यांच्यामध्ये एक रिकामी खुर्ची. ती परशरामने पायाने ढकलून मुद्दाम मध्ये घातली होती.

"शर्यत मिनिटाची, आणि सदलग्याच्या रायगोंडाला बहात्तर सेकंद!" तो स्टुडिओवाल्या आरोहीला म्हणाला. "बारा सेकंद फुकट. माझी जोडी हरावी म्हणून ह्यो सख्खा भाऊ शिट्टी तोंडात धरून गप उभा ऱ्हायलता."

नागोजी दाराबाहेर बघत राहिला.

काकतीच्या मैदानात रिकामा गाडा पळवायची शर्यत झाली होती. निशाण पडलं की बैल सुटतात. मिनिट भरलं की शिट्टी वाजते. त्या क्षणी चाक जिथं असेल तिथवर टेप लावून अंतर मोजतात. घड्याळ आणि शिट्टी कित्येक वर्षं नागोजीकडेच. वाटणीत बापाची बैलजोडी फुटली, एकेक बैल एकेकाच्या दावणीला गेला, तेव्हापासून भावांचं बोलणं बंद होतं. पण शिट्टीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. यंदा परशरामची जोडी रायगोंडाच्या जोडीपुढे नऊ फुटांनी हरली. मग स्टुडिओने घरी टीव्हीवर बघायला कॉप्या दिल्या, आणि परशरामने टीव्हीसमोर बसून रायगोंडाच्या धावेला तेवढं घड्याळ लावलं. आज संध्याकाळी देवळात बैठक होती. सगळ्यांसमोर नागोजीची शिट्टी काढून घ्यायची, एवढाच विषय होता.

"व्हिडिओत काही फेरफार न्हाय, असं लिहून दे. शिक्का मार," परशराम म्हणाला.

आरोही फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालेली. आकडा दिसला की तो आला कुठून हे बघितल्याशिवाय तिचं चालत नसे. तिने पेन ड्राइव्हवरची कॉपी उघडली: सेकंदाला पंचवीस फ्रेम. मग कार्ड उघडलं: सेकंदाला तीस. केबलवाल्यांना पंचवीस लागतात, म्हणून रूपांतर तिनेच केलं होतं. दर सेकंदाच्या पाच फ्रेम गाळायला हव्या होत्या. तिने एकही गाळली नव्हती; सगळ्या तशाच ठेवून सावकाश चालवल्या होत्या. आवाजाची पट्टी सॉफ्टवेअरने सांभाळून घेतली, म्हणून कुणाला शंका आली नाही.

"काका, चूक माझी आहे. कॉपी हळू चालतेय. साठ सेकंदांचे तिथं बहात्तर होतात."

"व्हय व्हय! बैल तुझ्या कंप्युटरनं हळू पळवले म्हण! ह्यानं सकाळीच येऊन चहा पाजला वाटतं तुला?"

कार्डावरची मूळ फाइल आरोहीने मोठ्या पडद्यावर लावली. रायगोंडाची जोडी. निशाण खाली आलं त्या फ्रेमपासून शिट्टीचा आवाज सुरू झाला त्या फ्रेमपर्यंत तिने परशरामसमोर मोजलं. साठ सेकंद आणि दोन फ्रेम.

नागोजी उठला.

"झालं न्हवं? बंद कर ते, बाळ. मला जायाचं हाय."

"बस खाली!" परशरामचा आवाज चढला. "रायगोंडाची शिट्टी बरोबर, म्हंजे माझीच आधी मारलीस तू. नऊ फुटाला काय लागतंय? अर्धा सेकंद. पोरी, माझी लाव."

"परश्या, नको. तुझी मोजू नको."

"का रं? आता का पाय लटलटतात?"

"बैठकीत शिट्टी मी आपणहून ठेवतो. मग तर झालं?"

"बघ, बघ! कबूल झाला! लाव गं तू. संध्याकाळी आकडाच सांगतो सगळ्यांस्नी."

आरोहीने नागोजीकडे पाहिलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. परशरामने टेबलावर मूठ आपटली.

तिने परशरामची जोडी लावली. निशाण पडलं. शिट्टी वाजली. तिने फ्रेम मोजल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, आणि पडदा परशरामकडे वळवला.

बासष्ट सेकंद आणि चौदा फ्रेम.