धाकटीची उलटी खरेदी

“आई, दार उघड ना. मी नुसतं बघणार आहे,” थोरला स्वयंपाकघराच्या बंद दारापाशी उभा राहून म्हणाला.

“जेवायला बस म्हटलं की बसायचं. मधेमधे लुडबुड नको,” आतून आईचा आवाज आला.

हा या घराचा जुना कायदा. स्वयंपाक सुरू झाला की दार बंद. आत जायची मुभा फक्त बाबांना, तीही फळीवरचे डबे काढायला नि जड भांडी उतरवायला. लहानपणी दोघं भावंडं या दाराच्या फटीला नाक लावून उभी राहायची. आता थोरल्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते आणि तो अजून तिथंच उभा होता.

पण आज तो जेवायला आला नव्हता, निकाल लावायला आला होता. सहा महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. आता सगळं ठीक आहे, असं ती फोनवर ठणकावून सांगायची. थोरल्याला ते पटत नव्हतं. हे घर बंद करून आई-बाबांनी आपल्याकडे यावं, असा त्याचा हेका. त्याच्या फ्लॅटमध्ये बाबांच्या शिलाई मशीनला मात्र जागा नव्हती. मशीनशिवाय बाबांचं काय होईल, हा विचार कोणी बोलून दाखवत नव्हतं.

शेवटी आईनंच अट घातली. “या घरातल्या जेवणाची चव जरा जरी बदललेली वाटली, तर बॅगा भरते. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

थोरला मशीनपाशी आला. भिंतीवर बाबांची मोठी कात्री टांगली होती. लहानपणी त्यानं ती कितीदा चोरून चालवून पाहिली होती. दुसऱ्या कोणाच्याही हातात ती कापड कापायची नाही, नुसती चावायची. “कात्री मालकाला ओळखते,” असं बाबा ऐटीत सांगायचे.

बाबा ताटं घेऊन बाहेर आले. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

“हे काय?”

“सुई लागली.”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदाच?”

“वय झालं रे आता,” असं म्हणून ते घाईघाईनं आत गेले.

टेबलापाशी धाकटी बहीण पिशवी रिकामी करत होती. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दर आठवड्याला आईला स्वयंपाकाची एखादी स्वस्तातली वस्तू भेट आणायची. आज पिशवीतून एक पीलर आणि चोचीचा डाव निघाला.

“आणलास का पुन्हा भंगार बाजार?” थोरल्यानं पीलर उचलला, टोपलीतलं सफरचंद घेतलं आणि सोलायला लागला. पातं नुसतंच घसरलं. त्यानं जोर लावला तेव्हा सालीला एक ओरखडा उठला.

“अगं, पातं उलटं बसवलंय याचं! आणि हा डाव बघ. चोच भलत्याच बाजूला. ओतताना मनगट मुरगळायचं का आईनं? नाकारलेला माल गळ्यात मारतात तुझ्या, आणि तू हसत हसत घेतेस.”

“चालतं रे इथं,” धाकटी म्हणाली आणि ग्लासांत पाणी ओतू लागली.

दार उघडलं. बाबांनी एकेक भांडं आणून ठेवलं. त्यांच्यामागून आई आली आणि दाराजवळच्या खुर्चीत शाल लपेटून बसली. “तुम्ही बसा. मी मागून जेवते,” ती म्हणाली. तीही नेहमीचीच रीत.

थोरल्यानं आधी गाजरं पाहिली. एक चकती त्यानं खिडकीच्या उजेडात धरली. पलीकडचं झाड तिच्यातून केशरी दिसलं. ताटातली प्रत्येक चकती तशीच, एका जाडीची. अशी गाजरं त्यानं आईच्या ऐन उमेदीतही पाहिली नव्हती.

मग त्यानं सुपाचा घोट घेतला. वर तळलेल्या लसणाचे तुकडे होते, करपायच्या अगदी एक क्षण आधी उतरवलेले. हीच ती चव. तापातून उठल्यावर आई भरवायची ती. त्यानं दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि वाटी पुसून काढली. बाबा त्याच्या तोंडाकडे पाहत उभेच होते. घास त्यांचाच अडकलाय की काय, असं वाटत होतं.

“आई,” अखेर तो म्हणाला, “माणसाचा हात असा परत येतो? मला खरंच भीती वाटते गं तुझी. काय बाई आहेस तू!” त्यानं हात जोडले. “हरलो मी. विषय बंद.”

धाकटीनं डोळे पुसले. बाबा मटकन खुर्चीत बसले. एवढे खूश ते कितीतरी दिवसांत दिसले नव्हते. बोटांना काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी थोरल्यानं टाकलेलं सफरचंद उचललं, शेजारचा नवा पीलर डाव्या हातात घेतला आणि खिडकीबाहेर पाहत फिरवायला सुरुवात केली.

साल सुटू लागली. एकसंध, लांबच लांब, कुठेही न तुटता ती टेबलावरून खाली लोंबायला लागली. थोरला आ वासून पाहत राहिला.

शालीखालचे हात तसेच ठेवून आई सवयीनं बोलून गेली, “अहो, जाड सोलताय. सकाळी गाजरं किती सुरेख केली होतीत!”