वास कुणालाच येत नव्हता

"शी! कसला घाण वास येतोय!" सकाळीच वसतिगृहातून सुट्टीला आलेली थोरली जेवता जेवता किंचाळली.

"कुठे काय?" आई म्हणाली. बाबांनी हवा हुंगल्यासारखं केलं आणि मान हलवली. धाकटा म्हणाला, "तुझे मोजे असतील." आजोबा तर ताटातून मान वरच काढेनात.

थोरलीला मळमळायला लागलं. चार नाकं एकीकडे आणि तिचं एकटं बिचारं एकीकडे! आपल्यालाच भास होतोय की काय? पण छे, घशाशी आलेली ओकारी काय खोटं बोलेल?

ती ताडकन उठली. कचऱ्याचा डबा पाहिला, मोरी पाहिली, टेबलाखाली वाकली आणि हुंगत हुंगत आजोबांच्या खुर्चीपाशी पोचली.

"इथे! इथूनच येतोय! आता म्हणा मला भास होतो!"

आजोबांची विजार मागून पार खराब झाली होती. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"पोरीचं नाक बरोबर आहे गं सूनबाई," ते पुटपुटले. "उगाच किती दिवस सगळे खोटं बोलणार?"

आईच्या चेहऱ्यावर आता कुठे किळस उमटली, पण ती बघत होती थोरलीकडे.