उलटीपालटी बटणं

हॉटेलातला गाणी वाजवायचा कंट्रोलर इतका जुना होता की नवं सॉफ्टवेअर त्याला ओळखच दाखवेना. डीजेने आठवडाभर डोकं खपवून एकेका बटणाला नवं काम नेमून दिलं. पण दिलं ते मुद्दामच उलटंपालटं. ‘प्ले’ लिहिलेलं बटण दाबलं की गाणं थांबायचं, आवाजाची पट्टी सरकवली की वेग वाढायचा.

"दुसऱ्या कुणी हात लावून तर बघू दे," तो बायकोला म्हणाला. "आता मला इथून कोण हलवतंय!"

चार वर्षांनी मालकाच्या कटकटीला विटून तो एका मोठ्या क्लबात चाचणी द्यायला गेला.

"यावर पाच जण वाजवतात, बटणं आहेत तशीच राहू द्या," तिथल्या बाई म्हणाल्या.

डोळ्यांना सगळं वाचता येत होतं, पण बोटं ऐकतील तर शपथ! तीनदा गाणं मध्येच बंद पडलं.

"नवीनच शिकताय का?" बाईंनी अगदी मायेने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जुन्या कंट्रोलरपुढे उभा राहिला. बोटं आपसूक धावू लागली. मालकाने येऊन पाठीवर थाप मारली.

"तोंड का पाडलंस रे? काळजी सोड. तुला इथून कोण हलवतंय!"