नावाचा पिवळा

तपकिरी रंगाचं माप तिने बादलीत ओतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की एक माप आपण आधीच ओतलं होतं.

बादलीतला पिवळा बघता बघता बदलला. बालवाडीच्या भिंतींसाठी कोवळा हवा होता, तो झाला टोस्टच्या कडेसारखा खरपूस. सुनेने माप खाली ठेवलं. लग्न होऊन या रंगाच्या दुकानात येऊन तिला सात वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नव्हता.

ही सगळी काटेकोरी चालली होती दुकानातल्या समोरच्या भिंतीसाठी. दुकानात पिवळे ढिगाने होते, पण त्यांना नुसते नंबर. नावं होती फक्त भिंतीवर रंगवलेल्या चौकोनांना, आणि तो मान घरच्या माणसांचा. सासऱ्यांचा 'डुलकी', फिका, जांभई देत असल्यासारखा. नवऱ्याच्या आत्यांचा 'शिंक', लालसर, अंगावर येणारा. सासूबाईंचा 'भांडण', इतका भडक की रस्त्यापलीकडून दिसायचा. आणि नवऱ्याचा 'खिडकी'. त्यात हिरवट झाक होती. खिडकीत हिरवं काय असतं ते गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही, पण रंग धडाक्याने खपायचा.

शेवटचा चौकोन रिकामा होता. तिच्या लग्नाच्या आठवड्यातच सासूबाईंनी तो पेन्सिलीने आखला होता. "हा तुझा," त्या म्हणाल्या होत्या, "मिळेल तुला कधीतरी." कसा मिळेल, हे मात्र कुणी सांगितलं नाही. विचारलं की घरातले सगळे ओठ दाबून हसायचे.

तिने आपल्यापुरता अर्थ लावला. हात पक्का बसल्याशिवाय नाव मिळत नसणार. मग तिने कंबर कसली. डोळ्यांत तेल घालून मापं मोजली. तिच्या पिवळ्यांना नंबरावर नंबर मिळाले, नाव एकालाही नाही. वर घरच्यांचा जाच वेगळाच. तिने माप उचललं रे उचललं की सासऱ्यांना जुना विनोद आठवायचा. आत्या मागून येऊन "अगंबाई, उंदीर!" असं किंचाळायच्या. नवरा एरवी मुखदुर्बळ, पण नेमका तेव्हाच गळा काढून गायला लागायचा. आपल्याला चौकोन मिळू नये म्हणूनच हे चाललंय, अशी तिची खात्री झाली होती. याचं तिला फार वाईट वाटे. कधी कधी वाटे, दाराशी खुंटीवर टांगलेली आपली माहेरची हिरवी छत्री घ्यावी आणि सरळ चालू लागावं. त्या छत्रीच्या दोन काड्या कधीच्याच मोडल्या होत्या. नवरा ती टाकू देत नव्हता, का ते तोच जाणे.

आज सगळे आत जेवायला बसले होते. दुकानात कधी नव्हे ती शांतता होती. तिची नजर रिकाम्या चौकोनावर गेली, तिथेच रेंगाळली, आणि इकडे हात ओतत राहिला.

"काय गं, झाला का बालवाडीचा?" सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"आई, बिघडला," तिचे डोळे भरून आले. "पार बिघडला. माझ्याच हातून."

सासूबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी अशी आरोळी ठोकली की सासरे उष्ट्या हाताने धावत आले.

"अहो, या लवकर! हिची चूक झाली!"

बादलीभोवती ही गर्दी झाली. सासऱ्यांनी डाव्या हाताने तिची पाठ थोपटली. आत्यांनी तर तिला मिठीच मारली. "उंदीर उंदीर करून घसा बसला गं माझा! सात वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे?"

तिने डोळे पुसून पुन्हा बादलीत पाहिलं.

"अगं वेडे," सासूबाई म्हणाल्या, "जमलेल्या रंगाला आपल्याकडे नंबर मिळतो. नाव मिळतं ते बिघडलेल्याला. आणि सांगून केली तर ती चूक कसली? म्हणून कुणी बोललं नाही. तुझ्या सासऱ्यांनी पांढऱ्याचा नळ सोडला आणि बसल्या बसल्या डुलकी काढली. आत्यांना लाल बाटली हातात असताना शिंक आली. मी यांच्याशीच भांडता भांडता पिवळ्यात पिवळा ओतत सुटले. आता सांग, तू काय करत होतीस?"

"चौकोनाकडे बघत होते."

"झालं तर मग! 'चौकोन'."

नवऱ्याने बालवाडीसाठी दुसरी बादली ओढली. सासूबाईंनी ब्रश सुनेच्या हातात दिला. पेन्सिलीच्या रेघांच्या आत खरपूस पिवळा भरताना तिला हसूही येत होतं आणि रडूही. इतकी वर्षं हे लोक आपल्या वाटेत येत नव्हते, आपल्याला आत ओढत होते. मग तिची नजर शेजारच्या चौकोनावर गेली.

"आणि 'खिडकी'?" तिने विचारलं.

सगळे नवऱ्याकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले. मान वर न करता तो बादली ढवळत राहिला.

"तेव्हा मला तुझं नावही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "हिरव्याचा एकच थेंब टाकायचा होता. तेवढ्यात खिडकीबाहेरून तू गेलीस, ती छत्री घेऊन."