मापापुरती

टेबलावर सगळं मांडून झालं होतं, फक्त एमेतेरियाचा फोटो नव्हता. आत्मे बाराला उतरतात. साडेअकरा वाजून गेले होते.

मिठाच्या वाळवंटाकाठच्या कोल्चानी गावात याला कुणी हसत नाही. सर्व संतांच्या दिवशी, भर दुपारी, वर्षभरात गेलेली माणसं घरी जेवायला येतात. रस्ता त्यांना उसाच्या कमानीवरून कळतो आणि घर फोटोवरून. फोटो नसला तर आत्मा शेजारच्या टेबलावर जाऊन बसतो. शेजाऱ्यांना ते मुळीच आवडत नाही.

म्हणूनच शेजारीण माकारिया आली होती. "काय रे निकानोर, मिठावरचा एकेक फ्लेमिंगो नावानिशी ओळखतोस म्हणे. बायकोचा एक फोटो निघेना तुझ्याकडे?"

निकानोर यूक्राकडे बत्तीस वर्षांचे फोटो होते. मिठाचं वाळवंट, लाल तळं, हिरवं तळं, विकुन्या या रानजनावरांचे कळप. त्याची कॅलेंडरं खाणीच्या कचेरीपासून बसच्या तिकीट-खिडकीपर्यंत सगळीकडे लटकत. घरातला लग्नाचा फोटो मात्र खारट ओलीने भिंतीवरच फुगला होता, आणि त्यात आता फक्त नवरदेव उरला होता. ओळखपत्रावर एमेतेरियाचा एक फोटो होता. ते माकारियानेच शवपेटीत ठेवलं होतं, वर दारात कुणी अडवू नये म्हणून.

लेक साबिना रात्रभर बसने प्रवास करून ला पासहून आली होती. तिने खिडकीशी बसून खोकी उपसायला घेतली.

"ही आई?"

"नाही, ती काठी. आई तिच्या डावीकडे."

साबिनाने भिंग लावलं. डावीकडे एक लाल तीळ होता.

पांढऱ्या सपाटीवर झाड नाही, दगड नाही. मिठाला पडलेली भेग तळहाताएवढी की शेताएवढी, फोटोत काही कळत नाही. मापाला माणूस लागतो. निकानोरच्या सगळ्या फोटोंत तो माणूस एमेतेरिया होती. लाल शाल घेऊन ती दोनशे पावलं चालत जाई आणि पाठ करून उभी राही. फ्लेमिंगो मनासारखे ओळीत येईपर्यंत कधी अर्धा तास, कधी दोन. वारा असा की लामासारखं केसाळ जनावरही खाली बसून घेई. कुरकुर तिने कधी केली नाही. गेल्या जुलैत छातीत थंडी भरली आणि चार दिवसांत आटोपली.

खोकी संपली. लाल तीळ, लाल तीळ, लाल तीळ. एका फोटोत तीळही नव्हता. त्या दिवशी तिने शाल मिठावर ठेवली असावी आणि स्वतः कुठेतरी आडोशाला बसली असावी. निकानोरला ते आज कळलं.

शेवटी त्याने त्यातल्या त्यात मोठा फोटो निवडला. लाल तळं, हजारभर पक्षी, मागे ज्वालामुखी. साबिनाने तो चौकटीत बसवून टेबलावरच्या पावाच्या शिडीला टेकवला. ही शिडी आत्म्याला चढउतार करायला.

माकारियाने डोळे बारीक केले. "सुरेख आहे. यात एमेतेरिया कोण?"

"तो ठिपका."

"मग बाई, ताटाशेजारी भिंग पण ठेवा."

कुणी हसलं नाही, माकारियाही नाही. तिने शालीआडून आणलेली आणखी एक मेणबत्ती फोटोसमोर लावली. तिच्या उजेडात ज्वालामुखी तेवढा उजळला.

देवळाची घंटा वाजू लागली. साबिना टेबलापाशी उभी होती. ताटात लामाचं मटण निवत होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बत्तीस वर्षं. ती एकदाही जवळ आली नाही कॅमेऱ्याच्या?"

घंटा थांबली.

"यायची की," तो म्हणाला. "रोल काढायच्या आधी शेवटचा एक फोटो उडवून टाकावा लागतो. तोवर ती परत आलेली असायची, अगदी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे. झालं का, म्हणून विचारत. नाक लाल झालेलं, हसत असायची. प्रत्येक रोलचा शेवटचा फोटो तिचाच."

"मग ते कुठे आहेत?"

"बाद म्हणून कापून टाकायचो त्या पट्ट्या. चूल पेटवायला तीच घेऊन जायची."