राखाडी निघाला तर

“साहेब, समोर माणूस उभा राहून बघत असताना तुम्ही कधी कपात लघवी केलीय?”

पैज मैत्रिणींची, आवाज मार्लीचा. अमेरिकेत, केंटकीतल्या त्या खेड्यातली निम्मी माणसं आमदारांच्या ड्रग कोर्टांवरच्या सभेसाठी शाळेच्या जिममध्ये जमली होती. सगळी चिडीचूप झाली. माइकपाशी उभे आमदार गोरेमोरे झाले. तेवढ्यात मागच्या रांगेत एकच माणूस खदखदून हसला. तिचा बाप, वेंडल.

माना वळल्या तशी त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. मैत्रिणींनी प्रश्न गंमत म्हणून सुचवला होता. नशेच्या खटल्यात बाबा ड्रग कोर्टाच्या देखरेखीखाली आहेत, त्यांची लघवी अशीच तपासतात, हे त्यांना कुठे माहीत होतं? आता त्या हसण्याने गावालाच कळलं.

आमदार सावरले. तुरुंगाऐवजी उपचार देणाऱ्या या कोर्टांसाठी राज्याने भरघोस निधी दिलाय, जिल्ह्यात चाळीस जागा वाढतील, म्हणाले. टाळ्या पडल्या. मैत्रिणी तिचा स्वेटर ओढून तिला खाली बसवू लागल्या. पण पुढचा प्रश्न पैजेतला नव्हता.

“आणि तपासणीला जायचं कसं? चाळीस मैल आहे. गाडीचं लायसन तर तुम्हीच काढून घेता.”

“निधी जागांसाठी आहे, बेटा. गाड्यांसाठी नाही.”

बाहेर गाडीपाशी आई किल्ली हातात घेऊन उभी होती. रोज पहाटे पाचला वेंडलने कोर्टाच्या नंबरावर फोन लावायचा. पलीकडची रेकॉर्ड केलेली बाई एक रंग सांगते. आपल्याला नेमून दिलेला निघाला की आठच्या आत तपासणीला हजर. वेंडलचा रंग राखाडी. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून आई गाडी घेऊन घरी येते तोवर आठ वाजून गेलेले असतात. दोनदा चुकलं होतं. तिसऱ्यांदा चुकलं की दोन वर्षं आत.

“हसू आवरलंच नाही गं,” वेंडल म्हणाला. “क्षणभर वाटलं, तो खरंच उत्तर देतोय.”

मार्लीने आईच्या हातातून किल्ली घेतली. लायसन मिळून तिला तीन आठवडे झाले होते.

“म्हणजे गाडी घरी ठेवून मी कामाला बसने जायचं-यायचं, असंच ना?” आई म्हणाली. “आणि सकाळचा बँडचा सराव? या वर्षी एकटीने वाजवायला मिळालंय तुला.”

“बँड सोडला. बस नाही, तुझ्या पाळीतली मैत्रीण नेईल-आणेल तुला. उद्यापासून फोन मी लावणार. राखाडी निघाला तर गाडी काढेन. नाही निघाला तरी पाचला जागी असेनच.”