दहाव्याचं हसू

कोर्टातल्या मन वाचणाऱ्या यंत्रानं द्वारकाबाईचं दुःख पडद्यावर उघडंनागडं केलं होतं. नवरा गेला म्हणून अपिलाला उशीर झाला, हे यंत्राला पटलं नाही तर घर जाणार होतं.

“दहाव्यालाच हसल्या की बाई!” समोरचा वकील खेकसला. “दुःख तिथंच संपलं, साहेब. मग पुढचा उशीर कशाचा?”

पडद्यावर नदीचा घाट होता. पिंडाला कावळा काही शिवत नव्हता. शेवटी दीर ओरडला, “दादा, घर सोडत नाही आपण! ये आता!” तसा कावळा झेपावला आणि रडता रडता द्वारकाबाई हसली.

“हसल्याची नोंद आहे खरी,” न्यायाधीश पुटपुटले.

“त्यांचा जीव घरात अडकला होता, ते कावळ्याला कळलं!” द्वारकाबाई कडाडली. “यंत्राचं सोडा साहेब, तुम्हाला काय वाटतं?”

न्यायाधीशांनी यंत्राकडे पाहिलं.